खरेदीखत काउंटीत, काळजी साताऱ्यात

प्रश्न: ताई, मार्चमध्ये आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला घर घेतलं. क्लोजिंगला, म्हणजे व्यवहार पुरा होतो त्या दिवशी, वकिलांच्या ऑफिसात तासभर सह्या केल्या, किल्ल्या मिळाल्या, पण खरेदीखत काही हातात आलं नाही. साताऱ्याहून बाबा रोज विचारतात, "रजिस्ट्री झाली का? इंडेक्स टू पाठव." म्हणजे दस्त नोंदल्याचा उतारा. त्यात आता एक पत्र आलंय. दिसायला सरकारी आहे. डीडची, म्हणजे खरेदीखताची, प्रमाणित प्रत हवी असेल तर अमुक तारखेच्या आत ११९ डॉलर भरा म्हणतात. भरू का?

दुसरं असं, की डाउन पेमेंटसाठी बाबांनी कऱ्हाडजवळची जमीन विकून सव्वा लाख डॉलर पाठवले. काकांचं म्हणणं, एवढे पैसे घातले तर त्यांचं नाव घराला लागलंच पाहिजे. ऑफिसातला एक मित्र सांगतो, क्विटक्लेम डीडचा, म्हणजे आपला हक्क दुसऱ्याला सोडून देण्याच्या खताचा, फॉर्म ऑनलाइन मिळतो, भरायचा, नोटरी करायचा, काउंटीत, म्हणजे इथल्या जिल्हा कचेरीत द्यायचा, झालं. मी एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, पत्नी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर. काय करू?
— एक एडिसनकर

प्रिय एडिसनकर,

आधी ते पत्र. एक पैसा भरू नका. ते घेऊन खिडकीपाशी जा आणि खालच्या बाजूची बारीक अक्षरं वाचा. आम्ही सरकारी कार्यालय नाही, हे बिल नाही, असं काहीतरी तिथे सापडेल, कारण ते छापलं नाही तर ही मंडळी कायद्याच्या कचाट्यात सापडतात. वरती मात्र सरकारी गरुडाच्या छापाची आठवण यावी असं चिन्ह, तुमचं नाव, घराचा पत्ता, खरेदीची तारीख, किंमत, दस्ताचा क्रमांक आणि ठळक टाइपात मुदत. एवढी माहिती त्यांना कुठून मिळाली म्हणून माणूस घाबरतो आणि तिथेच फसतो. ही सगळी माहिती काउंटीच्या दप्तरात कुणालाही उघडी असते. नव्या खरेदीच्या नोंदी रोज उतरवून घ्यायच्या आणि नव्या घरमालकांना पत्रं टाकायची, हा त्यांचा धंदा आहे. देशभर चालतो. घर घेतलेल्या आपल्या मंडळींपैकी बहुतेकांकडे हे पत्र येऊन गेलेलं असतं, फक्त पैसे भरलेले सहसा बोलत नाहीत.

तीच प्रत काउंटी क्लार्ककडून काही डॉलरांत मिळते. नुसती बघायची असेल तर घरबसल्या दिसते. एडिसन हे मिडलसेक्स काउंटीत, म्हणजे तुमचं दप्तर न्यू ब्रन्सविकला, काउंटी क्लार्कच्या कार्यालयात. त्यांच्या संकेतस्थळावर जमिनीच्या नोंदींचा शोध आहे. तिथे आडनाव टाका. देणाऱ्याच्या नावाची एक सूची असते, घेणाऱ्याच्या नावाची दुसरी, तुम्ही दुसरीत असाल. नाव सापडलं नाही तर लगेच कपाळाला हात लावू नका. आपल्या आडनावांची स्पेलिंगं इकडच्या टायपिस्टला जमतातच असं नाही. एखादं अक्षर कमी-जास्त करून बघा, मधलं नाव आडनाव म्हणून गेलंय का बघा, पत्नीच्या माहेरच्या नावाने बघा. आणि खरोखरच डीडवर चूक सापडली तर क्लोजिंग केलेल्या वकिलांना आजच ईमेल टाका. दुरुस्तीचं डीड करून ते पुन्हा नोंदवता येतं. विकणारा जवळपास आहे तोवर हे काम सोपं असतं, कारण सही त्याची लागते.

यावरून आठवलं, तुम्ही लिहिता "तासभर सह्या केल्या". त्यातली एकही सही डीडवर नव्हती, हे लक्षात आलं होतं का? तुम्ही सह्या केल्यात त्या कर्जाच्या नोटवर, मॉर्गेजवर (गहाणखतावर) आणि ढीगभर जाहीरनाम्यांवर. डीडवर सही करतो तो विकणारा, नोटरीसमोर, आणि पुष्कळदा तो आधीच सही करून गेलेला असतो. साताऱ्याच्या दुय्यम निबंधकाकडे घेणारा-देणारा दोघं शेजारी उभे, दोघांचे फोटो, दोघांचे अंगठे, बरोबर ओळख पटवायला माणसं, असं दृश्य बाबांच्या डोळ्यांसमोर असणार. तेव्हा "माझी सहीच नाही" हे त्यांना सांगताना जरा जपून सांगा.

मी टायटल कंपनीत, म्हणजे घराच्या मालकीची तपासणी करून तिचा विमा देणाऱ्या कंपनीत काम करते, त्यामुळे पुढचं रोजच बघते. क्लोजिंग झालं की ते डीड आमच्यासारखी कंपनी काउंटीत पाठवते, हल्ली बहुतेक वेळा स्कॅन करून. तिथला कारकून काय बघतो? सही नोटरीसमोर झाली आहे का, सहीखाली नाव छापलं आहे का, डीड कुणी तयार केलं ते लिहिलं आहे का, मालमत्तेचा ब्लॉक आणि लॉट नंबर (आपल्या गट नंबरासारखा) आहे का, आणि हस्तांतराची फी बरोबर भरली आहे का. ती फी न्यू जर्सीत विकणाऱ्याच्या खिशातून जाते. सगळं ठीक असलं की दस्तावर तारीख, वेळ आणि क्रमांक पडतो. मग मूळ कागद कुणाकडे परत पाठवायचा ते पहिल्या पानावरच लिहिलेलं असतं. बहुतेक करून तो तुमच्या वकिलांकडे किंवा टायटल कंपनीकडे गेलाय आणि फायलीत पडून आहे. फोन करा, पाठवतील.

कारकून काय बघत नाही तेही सांगते, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. विकणारा खरा मालक होता का, हे तो बघत नाही. हा व्यवहार तुमच्या हिताचा आहे का, हे तर नाहीच नाही. कागद नियमात बसला की तो नोंदवायचा, एवढंच त्याचं काम.

बाबांना हे पटवणं अवघड जाऊ नये. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून मालकी वादातीत असते का, हे जमीन विकलेल्या माणसाला विचारा. तो नुसता महसुलाचा कागद. १९०८च्या नोंदणी कायद्याखाली आपल्याकडे स्थावराचं खरेदीखत नोंदवणं सक्तीचं आहे, सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त हजर करावा लागतो. न नोंदवलेल्या खताने घर आपलं होत नाही. न्यू जर्सीत तसं नाही. विकणाऱ्याने सही करून डीड सुपूर्द केलं त्या क्षणी घर तुमचं झालं. नोंद असते ती उरलेल्या जगासाठी. समजा तुमचं डीड टेबलावरच राहिलं आणि विकणाऱ्याने तेच घर दुसऱ्याला विकलं, त्या दुसऱ्याला तुमचा पत्ताही नव्हता आणि त्याने आपलं डीड आधी नोंदवलं, तर इथला कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो. म्हणून डीड नोंदवायला आम्ही एवढी घाई करतो.

राहिला मालकीच्या खरेपणाचा प्रश्न. ती उणीव इथे टायटल इन्शुरन्स भरून काढतो. जुन्या मालकाच्या वारसाने हक्क सांगितला, कुठला जुना बोजा निघाला, तर लढायचं आणि भरपाई द्यायची काम विमा कंपनीचं. पण यात दोन पॉलिसी असतात. बँक स्वतःसाठी एक तुमच्याच पैशाने काढून घेते, तिचा तुम्हाला उपयोग नाही. दुसरी मालकाची. तिचा हप्ता क्लोजिंगला एकदाच भरायचा असतो. क्लोजिंगच्या हिशेबाच्या कागदात ती ओळ शोधा. नसेल तर वकिलांना विचारा, आत्ताही घेता येते का म्हणून.

बाबांना पाठवायचं ते काउंटीच्या शिक्क्यासकट डीडचं पहिलं पान. त्यावर क्रमांक आहे, तारीख आहे, तुमची दोघांची नावं आहेत. इंडेक्स टू मागणाऱ्या माणसाचं समाधान व्हायला तेवढं पुरे. शेजारचीच नोंद मॉर्गेजची असेल, ती बघून "एवढा बोजा?" असा फोन येईल, त्याची तयारी ठेवा. कर्ज फिटलं की बोजा उतरल्याचा कागदही इथेच नोंदवावा लागतो. तो बँकेने नोंदवलाय की नाही हे त्या वेळी आपण होऊन बघायचं. वर्षानुवर्षं न उतरलेले बोजे घर विकताना वर येतात आणि तोवर ती बँकच दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते.

न्यू जर्सीबाहेरच्या वाचकांसाठी एवढंच, की दस्त नोंदवायच्या खिडकीवरची पाटी राज्याराज्यात बदलते. टेक्ससमध्ये काउंटी क्लार्क, कॅलिफोर्नियात काउंटी रेकॉर्डर, पेनसिल्वेनियात रेकॉर्डर ऑफ डीड्स. कनेटिकटमध्ये तर काउंटी नव्हे, गावचा टाउन क्लार्क. आमच्याच राज्यात हडसन आणि एसेक्समध्ये हे काम क्लार्क न करता रजिस्टर करतो. बाकी तत्त्व तेच. पुष्कळ काउंटी आता फुकट सूचनासेवा देतात. तुमच्या नावाने कुठलाही दस्त नोंदला की ईमेल येतो. खोट्या सहीचं डीड नोंदवून घर लाटण्याचे प्रकार होतात, तेव्हा तुमच्या काउंटीत सोय असेल तर नाव घालून ठेवा.

आता काकांचं म्हणणं.

तुमच्या मित्राचं एक बरोबर आहे: क्विटक्लेम डीड भरून, नोटरी करून दिलंत तर काउंटी ते नोंदवेल. कुणी "अहो, विचार केलात का?" असं विचारणार नाही. पण एकदा नोंदलं की बाबा तुमच्या घराचे खरेखुरे हिस्सेदार झाले आणि तुम्हाला नंतर ते खोडायचं असेल तर त्यांनी पुन्हा डीड करून द्यावं लागेल. पेन्सिलीने लिहिलेलं नाव नव्हे ते.

सुरुवात बँकेपासून. मॉर्गेजमध्ये एक कलम असतं, की बँकेला न विचारता घराचा हिस्सा दुसऱ्याच्या नावावर केला तर बँक सगळं कर्ज एकरकमी मागू शकते. १९८२च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्याने यातून काही हस्तांतरं वगळली आहेत. राहत्या घरात पती किंवा पत्नीचं नाव लावलं, मुलांचं लावलं, तर बँकेला हे कलम वापरता येत नाही. त्या यादीत आईवडील नाहीत. आईवडील मुलाच्या घराचे मालक होतील, हे कायदा लिहिणाऱ्यांच्या मनातही आलं नसावं. हप्ते वेळेवर येत असतील तर बँका बहुधा काही करत नाहीत हे खरं, पण हत्यार त्यांच्या हातात जातं.

आणि त्याच बँकेला तुम्ही एक गिफ्ट लेटर दिलेलं असणार. सव्वा लाख डॉलर कुठून आले हे विचारल्याशिवाय कर्ज मंजूर होत नाही. ही भेट आहे, परतफेड अपेक्षित नाही, असं बाबांनी सही करून लिहून दिलंय. आता त्या पैशांच्या बदल्यात हिस्सा द्यायचा, किंवा घरातल्या घरात "हे कर्जच समजू" असा कागद करायचा, तर ते पत्र खोटं ठरतं. बँकेला खोटं लिहून देणं इथे गुन्हा आहे, आणि व्हिसावरच्या माणसाने तर त्या वाटेला जाऊच नये.

करांची बाजू याहून वाईट. तुम्ही बाबांना घराचा हिस्सा दिला की ती तुमच्याकडून त्यांना भेट. ठरावीक रकमेपर्यंतची भेट (२०२५ साली माणशी १९,००० डॉलर) कुणाला न कळवता देता येते, त्याहून जास्त असेल तर भेटीच्या कराचा फॉर्म ७०९ भरावा लागतो. तेही चालेल. पण बाबा अमेरिकेचे नागरिक नाहीत, इथे राहतही नाहीत. अशा माणसाच्या मागे अमेरिकेतली मालमत्ता राहिली तर इस्टेट टॅक्समधली, म्हणजे मृत्यूनंतर मालमत्तेवर लागणाऱ्या करातली, सूट फक्त ६०,००० डॉलरची आहे. इथल्या नागरिकाला मिळते ती कोटीच्या घरातली. भारत आणि अमेरिका यांच्यात या कराबद्दल करारही नाही, की ज्याचा आधार घेता येईल. एडिसनमधल्या घराच्या निम्म्या हिश्शाची किंमत काढा आणि त्यातून ६०,००० वजा करा, उरेल त्यावर कर. काका ज्याला मान म्हणतात, त्याचं हे बिल आहे, आणि ते तुमच्या नावाने येईल.

बाबांच्या माघारीची ती वेळ कधी येऊ नये, पण आली तर आणखी एक. नवरा-बायको म्हणून डीडवर नावं असतील, तर न्यू जर्सीत एकाच्या मागे घर आपोआप दुसऱ्याचं होतं. तुमच्या डीडवर तुम्ही पती-पत्नी असल्याचं लिहिलंय ना, ते तेवढं बघून घ्या. इतरांच्या बाबतीत मात्र डीडमध्ये स्पष्ट लिहिलं नसेल तर प्रत्येकाचा हिस्सा वेगळा धरतात आणि तो त्याच्या वारसांकडे जातो. तुम्हाला बहीण असेल तर तीही तुमच्या एडिसनच्या घराची वारस ठरू शकते. त्यासाठी काउंटीच्या सरोगेट कोर्टात (वारसाहक्काच्या कचेरीत) कागद, राज्याच्या कर विभागाकडून सोडपत्र, आणि ते पुन्हा क्लार्ककडे नोंदवायचं. भावाबहिणीचं कितीही पटत असो, हे तिच्याही डोक्यावर कशाला?

बाबा शंभर वर्षं जगोत. तरी घर विकायचं झालं, किंवा व्याज उतरलं म्हणून रिफायनान्स करायचं झालं, तर दर वेळी त्यांची नोटरीसमोर सही. म्हणजे साताऱ्याहून मुंबईला, बांद्रा-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत अपॉइंटमेंट घेऊन जायचं, शिक्क्याला ५० डॉलर. किंवा तिथल्या नोटरीकडे सही करून त्यावर राज्याचं प्रमाणीकरण आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील, म्हणजे परदेशात चालणारा शिक्का. त्यात तारीख चुकली, व्याजदराची मुदत टळली, की पुन्हा पहिल्यापासून. विक्रीच्या वेळी परदेशी मालकाच्या हिश्शाच्या किमतीतून घेणाऱ्याने सर्वसाधारणपणे १५ टक्के कापून आयआरएसकडे, म्हणजे इथल्या आयकर खात्याकडे भरायचे असतात. नफ्याच्या नव्हे, किमतीच्या. जास्तीचे परत मिळतात, पण त्यासाठी बाबांना इथला करक्रमांक काढून विवरणपत्र भरावं लागणार.

भारतातही सुटका नाही. तिथे राहणाऱ्या माणसाच्या नावावर परदेशात घर असेल तर ते दर वर्षी आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावं लागतं. २०१५च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली ते न दाखवण्याचा दंड दहा लाख रुपये आहे. गावातल्या करसल्लागाराने हा तक्ता कधी भरला असेल का, हे तुम्हीच सांगा.

थोडक्यात, नाव लावू नका. पण काकांच्या बोलण्याच्या मागे काही खरी काळजी आहे का, ती बाबांनाच विचारा, काकांना नव्हे. पुष्कळदा बाबांना नावबिव काही नको असतं. जमीन गेली, आता म्हातारपणी हाताशी काय, हा प्रश्न असतो. त्याचं उत्तर न्यू ब्रन्सविकच्या दप्तरात नाही. त्यांच्या साताऱ्यातल्या खात्यावर दरमहा काही रक्कम जाईल अशी व्यवस्था करा. तुम्हाला काही झालं तर आईबाबांना पैसे मिळतील असा टर्म इन्शुरन्स घ्या, त्यात त्यांची नावं लावा. आणि मृत्युपत्र करा, दोघांनीही. एच-१बीवरची मंडळी हे ग्रीन कार्डपर्यंत लांबवतात, मला कारण कळलेलं नाही. घर आज आहे, मृत्युपत्र नाही. मुलं असतील तर पालक कोण, तेही त्यातच लिहायचं असतं. वकिलांना हे विचारायला जाल तेव्हा क्विटक्लेमचा विषयही त्यांच्यासमोर काढा. मी टायटलवाली, वकील नव्हे, तेव्हा शेवटचा शब्द त्यांचा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण तिची तारीख आहे. परदेशातल्या माणसाकडून वर्षभरात एक लाख डॉलरहून जास्त भेट आली तर आयआरएसला फॉर्म ३५२०वर कळवावं लागतं. कर काही नाही, फक्त कळवायचं. कळवलं नाही तर भेटीच्या रकमेवर दरमहा पाच टक्के, पंचवीस टक्क्यांपर्यंत दंड लागू शकतो. आई आणि बाबा दोघांच्या खात्यांतून मिळून आले असतील तरी बेरीज एकच धरायची. हा फॉर्म तुमच्या नेहमीच्या विवरणपत्राबरोबर जात नाही. तो वेगळा, कागदावर, युटामधल्या ऑग्डेनच्या पत्त्यावर टपालाने जातो. ऑनलाइन टॅक्स भरणाऱ्यांच्या नजरेतून तो नेमका याच कारणाने निसटतो. पैसे ज्या वर्षी आले त्याच्या पुढच्या १५ एप्रिलपर्यंत मुदत आहे, विवरणपत्राला मुदतवाढ घेतलीत तर १५ ऑक्टोबर. बाबांच्या बँकेने पैसे पाठवताना टीसीएस, म्हणजे आगाऊ कर कापला असेल, तर तो त्यांनी आपल्या विवरणपत्रात मागून घ्यायचा. त्याची पावती त्यांच्याकडे असेल, फोनवर रजिस्ट्रीचं बोलणं झालं की तीही काढून ठेवायला सांगा.